आम्ही दोघी आणि टिसिंग्टनचा उतार

त्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे नॉटिंगहॅमला आल्या, तेव्हा त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघायच्या, कारण कानाकडे बघितलं की माझा चेहरा त्यांना थोडाफार दिसायचा. चालायला, जेवायला, जिने चढायला काही अडत नव्हतं. वाचन मात्र बंद झालं होतं आणि गाडी बंद झाली होती. वाचन सुटल्याचं त्या भेटेल त्याला सांगायच्या. गाडीचा विषय काढायच्या नाहीत.

गाडी म्हणजे त्यांची स्कूटी. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्यावर त्यांनी ती घेतली आणि सांगली-मिरज रस्त्यावर अशी काही पळवली, की ओळखीचे लोक माझ्या नवऱ्याला इकडे फोन करून सांगायचे, आईंना जरा समजाव. डोळ्यांचं निदान झाल्यावर नवरा स्वतः तिकडे गेला आणि गाडी विकून आला. त्यावरून भांडण झालं नाही. आई हल्ली दुपारभर गच्चीच्या पायरीवर बसून असतात, एवढंच त्यांच्या बहिणीनं, मावशींनी, मागाहून कळवलं.

मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. आठवडाभर खिडकी नसलेल्या खोलीत असते, म्हणून रविवार उजाडला की सायकल गाडीत टाकून डर्बीशायरमध्ये पळते. तिथे मोठ्या रस्त्यांच्या मधोमध छोट्या रस्त्यांचं जाळं आहे. एका वेळी एकच गाडी जाईल एवढे ते रस्ते, दोन्ही बाजूंना दगडावर दगड रचलेल्या भिंती, काही ठिकाणी तर डांबराच्या मध्यावर गवत उगवलेलं. तासभर चालवलं तरी एखादा ट्रॅक्टर भेटतो, नाहीतर घोड्यावर बसलेली एखादी बाई. सगळा प्रदेश चढउतारांचा. चढताना जीव नाकाशी येतो आणि उतरताना तोच जीव कुठेतरी वर हवेत राहतो. मला हे व्यसन कधी लागलं ते आठवत नाही. नवऱ्याला सायकलचा कंटाळा आहे. तो म्हणतो, गाडीचा शोध लागलाय, आपण त्याचा फायदा घेऊया.

आई आल्यावर पहिल्याच रविवारी मी घरी थांबले. दुसऱ्या रविवारी त्यांनीच मला हाकललं. संध्याकाळी परत आले तर त्या किचनमध्ये माझी वाट बघत बसल्या होत्या. मी शूज काढत असताना त्यांनी चौकशी सुरू केली. रस्ता कसा आहे, गाड्या किती, चढ मोठा की उतार मोठा. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी माझ्या कानाकडे बघत विचारलं, "उतारावर वारा कानात वाजतो का गं?"

वाजतो, म्हटलं.

त्या भाजी चिरायला लागल्या. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या शेजारी एक रिटायर झालेले बस ड्रायव्हर आणि त्यांची बायको राहतात. दोघांनी तरुणपणापासून टँडेम चालवली, म्हणजे दोघांची सायकल, एक पुढे, एक मागे. शेजारीणबाईंच्या कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती सायकल त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती. मी ती शंभरदा पाहिली होती आणि एकदाही नीट पाहिली नव्हती. त्या आठवड्यात कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना गॅरेज उघडं दिसलं आणि मी जागीच थांबले. मग कुंपणाजवळ उभी राहून शेजाऱ्यांना आईंच्या डोळ्यांबद्दल आणि स्कूटीबद्दल सांगितलं. पुढे मला मागावं लागलं नाही. ते ऐकता ऐकताच आत गेले आणि पंप घेऊन आले. त्यांची बायको काठी टेकत बाहेर आली आणि तिनं स्वतःचे सायकलिंगचे हातमोजे माझ्या हातात ठेवले. मागच्या बाजूनं एवढी वर्षं तिनंच पेडल मारलं होतं, मागची सीट तिची होती.

नवऱ्याला मी सांगितलं, की आईंना पार्कमध्ये जरा फिरवून आणते. ते खोटं नव्हतं. सुरुवात पार्कमध्येच झाली.

अडचणी क्रमानं आल्या. आधी अंबाडा. आईंचा अंबाडा चांगला मोठा, त्यावर हेल्मेट बसेना, टोपलीसारखं वर राहायचं. शेवटी त्यांनी अंबाडा सोडला आणि दोन वेण्या घातल्या. कॉलेजनंतर पहिल्यांदाच, म्हणाल्या. मग साडी की सलवार हा प्रश्न. दोन्ही चेनमध्ये जाणार. त्यांनी मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कपाटातून ट्रॅक पँट काढली, त्यावर कुर्ता, कुर्त्यावर कार्डिगन. आरशात कडेनं बघून झाल्यावर त्या म्हणाल्या की बहिणीला फोटो पाठवायचा नाही.

पार्कच्या डांबरी वाटेवर आमचे शेजारी सीट धरून उभे राहिले आणि आईंना समजावून सांगायला लागले. पुढे बसतो तो कॅप्टन, मागे बसतो तो स्टोकर. मी भाषांतर केलं, स्टोकर म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. आईंचा चेहरा उजळला. "फायरमन होय. मिरजेत आमच्या गल्लीत दोन होते." आणि त्या टांग टाकून मागच्या सीटवर बसल्या.

आम्ही दहा-बारा फूट गेलो असू, तेवढ्यात सायकल झाडाकडे जायला लागली. आई मागून आपलं हँडल जिवाच्या आकांतानं फिरवत होत्या.

"हे वळेना झालंय," त्या म्हणाल्या.

"ते वळत नाही आई. ते नुसतं धरायला आहे."

"मग मी करायचं काय?"

"पेडल मारायचं आणि पुढच्यावर विश्वास ठेवायचा."

"म्हणजे लग्न झाल्यापासून जे करत आले तेच," आई म्हणाल्या.

मी इतकी हसले की सायकल खरोखरच झाडाला टेकली. शेजाऱ्यांना इंग्रजीत सांगितलं तर तेही हसले. मग त्यांची बायको बाकावर बसली होती तिला त्यांनी ते सांगितलं. ती मात्र हसली नाही, तिनं गंभीरपणे मान हलवली.

दोन-तीन संध्याकाळी सराव केल्यावर आमचं जमायला लागलं. मागच्या माणसाला पुढचं दिसत नसतंच, डोळे चांगले असोत की वाईट. त्यामुळे पुढच्यानं सगळं ओरडून सांगायचं असतं. इंग्रजी शब्द आईंना आवडेनात. मग आम्ही आमचे बनवले. पेडल थांबवायचं असेल तर "सोड". जोर लावायचा असेल तर "हाण". हे "हाण" त्यांनीच सुचवलं आणि थोड्याच वेळात त्या ते मलाच उलट ऐकवायला लागल्या. चढ आला आणि मी जरा ढिली पडले, की मागून आवाज यायचा, "हाण की गं, झोपलीस काय?" त्यांच्या पायात जोर होता. सांगलीच्या घरचे तीन जिने दिवसातून कितीदा चढल्या-उतरल्या असतील कोण जाणे.

मग एका रविवारी शेजाऱ्यांनी आपल्या जुन्या व्हॅनमध्ये टँडेम घातली आणि आम्हाला टिसिंग्टनला नेऊन सोडलं. संध्याकाळी कार्सिंग्टनच्या तलावावर घ्यायला येतो, म्हणाले. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट बजावली. गाव संपलं की रस्ता एकदम खाली जातो आणि तळाशी एक ओढा रस्त्यावरूनच वाहतो. पूल नाही. गाड्या पाण्यातून जातात. पायी जाणाऱ्यांसाठी कडेला लहानसा पूल आहे, तिथे उतरायचं आणि सायकल ढकलत न्यायची. पाण्याखालचा रस्ता शेवाळलेला असतो. मी मान डोलावली. मी असल्या बाबतीत काळजी घेणारी बाई आहे.

टिसिंग्टन हे चित्रातल्यासारखं गाव आहे. तळं, तळ्यात बदकं, करड्या दगडांची घरं. आईंना घरं नीट दिसत नव्हती, पण बदकं कडेनं पोहत होती म्हणून ती दिसली. हवा कोरडी होती, ऊन होतं, कुठूनतरी कापलेल्या गवताचा वास येत होता. आम्ही गावातून हळूहळू गेलो. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना झाडांच्या मोठ्या रांगा आल्या आणि पुढे रस्ता खाली वाकला.

मी "सोड" म्हणून ओरडले. आईंनी पाय थांबवले. मी ब्रेक दाबून धरले.

टँडेमचं उतारावर वेगळंच असतं. दोघांचं वजन आणि एकाच माणसाइतका वारा, त्यामुळे ती साध्या सायकलपेक्षा फार वेगानं सुटते. मला ते वाचून माहीत होतं. प्रत्यक्षात ती मागून कुणीतरी ढकलावं तशी पळायला लागली. झाडांच्या सावल्या अंगावरून पट्ट्यापट्ट्यांनी सरकत होत्या. ब्रेक कुरकुरत होते. आणि मागून आई मोठ्यानं म्हणाल्या, "सोड!"

आम्ही तर आधीच सोडलं होतं. मी ओरडून तसं सांगितलं.

"पेडल नाही गं. ब्रेक सोड."

आज विचार केला तर मला वाटतं, मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. खाली ओढा आहे, शेवाळ आहे, शेजाऱ्यांनी बजावलंय. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं, की माझी बोटं आपोआप उघडली.

त्यानंतरचं अर्धं मिनिट मी कुणालाही नीट सांगू शकलेले नाही. सायकल सुटली. भिंती, झाडं, कुंपणं यांचे वेगवेगळे आकार राहिलेच नाहीत, दोन हिरव्या पट्ट्या आणि मध्ये आम्ही. कानात वारा एवढा वाजत होता की मला माझा आवाज ऐकू येत नव्हता. आईंचा येत होता. त्या गात नव्हत्या, ओरडत नव्हत्या, एक्स्चेंजमध्ये नंबर सांगावा तशा ठणठणीत आवाजात म्हणत होत्या, "जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे." मी हसत सुटले. मला थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी येऊन ते मागे कानांकडे पळत होतं. आणि त्या पाण्यातून मला समोर दुसरं पाणी दिसलं.

ब्रेक दाबायला उशीर झाला होता. आम्ही ओढ्यात शिरलो. पाणी फार नव्हतं, घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली. पण आमच्या वेगामुळे दोन्ही बाजूंना ते भिंतीसारखं उभं राहिलं. अर्ध्यापर्यंत आम्ही व्यवस्थित गेलो. क्षणभर मला वाटलं पलीकडे पोचतोय. मग चाकांखालचा रस्ता नाहीसा झाल्यासारखं झालं, वेग संपला, आणि टँडेम एखाद्या दमलेल्या म्हशीसारखी अगदी सावकाश डाव्या कुशीवर आडवी झाली.

मी कोपरावर पडले. आई पडल्या नाहीत, बसल्या. वाहत्या पाण्यात मांडी घातल्यासारख्या बसल्या, दोन्ही वेण्या भिजून कार्डिगनला चिकटलेल्या, हातात अजून ते न वळणारं हँडल धरलेलं.

पलीकडच्या काठावर एक चिखलानं माखलेली गाडी थांबलेली होती. तिच्या खिडकीतून एक वयस्क इंग्रज बाई आणि तिचा कुत्रा आमच्याकडे बघत होते. बाईनं काच पूर्ण खाली केली आणि अगदी शांतपणे विचारलं, तुम्ही दोघी ठीक आहात ना?

आईंना तो प्रश्न आपल्याला आहे हे कळलं. त्यांनी मान थोडी बाजूला करून त्या बाईला नजरेच्या कडेत आणलं आणि म्हणाल्या, "व्हेरी गुड. थँक यू."

मग त्यांना हसू फुटलं. मी लग्न होऊन त्या घरात गेल्यापासून त्यांना हसताना पाहिलं होतं, पण ते तोंडावर पदर धरून. हे हसू वेगळं होतं. त्यांना श्वास लागला, त्या पाण्यावर हात आपटत हसत होत्या, आणि मी उठायला गेले की पुन्हा घसरून बसत होते, त्यामुळे त्यांना आणखी हसू येत होतं. ती बाई गाडीतून उतरली, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांनी पाण्यात आली, तिनं आईंना एका बाजूनं धरलं. कुत्राही आला. मी सवयीनं आईंचं मनगट, खुबा, गुडघे दाबून पाहिले. माझं रोजचं काम तेच, मोडलेली हाडं बघणं. काही मोडलं नव्हतं. माझ्या कोपराला खरचटलं होतं, तेवढंच.

त्या बाईनं कुत्र्याचं ब्लँकेट देऊ केलं. त्याला कुत्र्याचा वास येत होता. आईंनी ते नम्रपणे परत केलं आणि मला मराठीत विचारलं की पुढे चढ आहे का. होता. ब्रॅडबर्नपर्यंत सरळ चढच होता. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या, "चढावर अंग गरम होईल."

आणि आम्ही चढलो. बुटांमधून पाणी पचपच वाजत होतं. अर्ध्या चढावर मी दमले तेव्हा मागून हाकारा आला आणि मी पुन्हा पाय मारायला लागले. वर पोचल्यावर भिंतीला टेकून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. फॉइलमध्ये गुंडाळलेली असल्यामुळे ती एवढी एकच गोष्ट कोरडी राहिली होती. भिंतीपलीकडून एक मेंढी आमच्याकडे टक लावून बघत होती. आईंना ती समोर असल्यामुळे दिसत नव्हती. मी सांगितल्यावर त्यांनी मान वळवून तिला शोधून काढलं आणि दशमीचा तुकडा दाखवला.

शेजारी तलावाशी आले, त्यांनी आमचे कपडे पाहिले आणि एक शब्दही न विचारता व्हॅनच्या सीटवर पिशव्या अंथरल्या.

घरी मात्र विचारणारा माणूस होता. नवऱ्यानं दारातच आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी ओल्या शूजचं काही कारण शोधत होते, पण आईंनी सगळं सांगून टाकलं, उतार, ब्रेक, पाणी, कुत्रा. त्या फारच खुशीत होत्या. त्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो पांढरा पडला होता. तो आधी माझ्यावर चिडला. या वयात हाड मोडलं तर काय होतं हे तुला सांगायला हवं का, म्हणाला, तू तर रोज बघतेस. ते खरं होतं. मग तो आईंना म्हणाला की हे आता पुरे, आपण गाडीनं फिरायला जाऊ, मी नेतो.

आई वेणी पिळत होत्या. त्यांनी ती खाली सोडली.

"तू गाडी विकलीस तेव्हा मी काही बोलले नाही," त्या म्हणाल्या. "बरोबरच होतं तुझं. मला दिसत नव्हतं. पण आता जी पुढं बसते तिला दिसतं."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. मग त्यानं विचारलं की कार्डिगन मशीनमध्ये टाकायचं का हातानं धुवायचं.

पुढच्या रविवारी तो स्वतः आला. शेजाऱ्यांच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसला, एका उताराच्या तळाशी कुंपणाच्या फाटकाजवळ जाऊन उभा राहिला. त्या दिवशी रस्त्यात ओढा नव्हता. आम्ही वरून आलो आणि त्याच्यासमोरून गेलो, आईंनी नजरेच्या कडेनं त्याला ओळखलं आणि हात हलवला. मी मागे वळून बघू शकत नव्हते. शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं की तो एकटाच टाळ्या वाजवत होता आणि मग आपल्याला कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे बघत होता.

त्यानंतर मला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही आणि मग आईंना थांबवणं माझ्याही हातात राहिलं नाही. शेजाऱ्यांच्या ओळखीचा एक सायकलवाल्यांचा ग्रुप आहे. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं अशांना ते टँडेमवर मागे बसवून नेतात. ऑगस्टच्या शेवटी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. मला वाटलं होतं आम्ही दोघी आमच्या सायकलवर. पण तिथे एक उंच, किडकिडीत, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांचा नेहमीचा जोडीदार त्या दिवशी आला नव्हता. त्यांची टँडेम हलकी, नवीन, चकचकीत. आईंनी तिच्यावरून हात फिरवला. मग माझ्या कानाकडे बघत म्हणाल्या की एकदा हिच्यावर बसून बघू का.

मला ग्रुपमधली एक साधी सायकल मिळाली. पहिल्या चढापर्यंत मी त्यांच्या मागे होते. दुसऱ्या चढावर त्या दोघी वळणाआड गेल्या. मी वर पोचले तेव्हा दरीपलीकडच्या रस्त्यावर आईंचं केशरी जॅकेट दिसलं, बघता बघता ते टेकडीवरून नाहीसं झालं. माझ्या बाजूनं दोन म्हातारे इलेक्ट्रिक सायकलवर गप्पा मारत पुढे गेले.

हार्टिंग्टनच्या कॅफेमध्ये मी धापा टाकत पोचले. बाहेरच्या टेबलावर आई त्या सगळ्यांच्या मधोमध बसल्या होत्या. कप रिकामे झाले होते, स्कोन केकचा चुरा उरला होता. त्या काहीतरी सांगत होत्या, आपल्या इंग्रजीत, हातवारे करत, आणि ते सगळे पुढे वाकून ऐकत होते. मी खुर्ची ओढली, बसणार तोच त्या विज्ञानाच्या बाई उठल्या आणि हेल्मेट घालायला लागल्या. आईही उठल्या, हातमोजे चढवले.

"आम्ही निघतो," त्या मला म्हणाल्या. "तू चहा पी आणि ये मागनं सावकाश."